पिठाचा डबा आणि चौथी फेरी

गिरणीतून आलेल्या गरम पिठाचा वास आला की मला करंजाड्यातली ती भाऊबीज आठवते. ओवाळून झालं आणि धाकट्या भावाने खिशातून हातात मावणारा गेम काढला. आमच्या लहानपणी व्हिडिओ पार्लरमध्ये असायचे ते सगळे गेम त्यात होते. पनवेलच्या एसटी स्टँडमागच्या पार्लरमध्ये तो त्यातला विमानांचा गेम तासन्‌तास खेळायचा. मुली आत जात नसत, म्हणून गिरणीतून येताना त्याला घरी न्यायला मी पिठाचा डबा कडेवर घेऊन दारातच उभी राहायचे. डब्याची ऊब पोटाला, डोळे पडद्यावर. "ताई, तुला नाही जमायचं. चौथ्या फेरीच्या पुढे मीसुद्धा कधी गेलो नाही," तो म्हणाला. मी गेम हातात घेतला आणि तीच विमानं लावली. गेमची बटणं आयुष्यात दाबली नव्हती, त्यामुळे माझी पहिली दोन विमानं फुकट गेली. तिसऱ्याला बोटं बसली. चौथ्या फेरीत शत्रूची विमानं उजवीकडून येतात आणि अर्ध्यातून उलटी फिरतात, हे मी दारातून शंभरदा पाहिलं होतं. मी डाव्या कोपऱ्यात थांबून राहिले. "अगं, सरक ना," भाऊ कळवळला. मी सरकले नाही. विमानं वळून समोर आली आणि मी एकेक टिपलं. पाचवी फेरी लागली तेव्हा तो माझ्यामागे मान वाकवून उभा होता. शेवटी गुणांच्या यादीत पहिल्या नंबरावर नाव लावायला गेमने तीन इंग्रजी अक्षरं मागितली. मी टी, ए, आय टाकलं. आज पीठ डब्यात ओतत होते, तेवढ्यात त्याचा फोन आला. "ताई, अजून तूच वर आहेस." मी म्हटलं, "खेळ तू सावकाश. मी उभी आहे दारात."