थोडं थांबून पुन्हा बघा

ब्लाउज आणायला गेले, तर शालनताईंचं शिलाई मशीन गप्प होतं. त्यांच्या लेकीचा बारावीचा निकाल होता आणि मोबाईलवर पान उघडत नव्हतं. पडद्यावर मराठीत एवढंच दिसत होतं: ‘पान उघडलं नाही. थोडं थांबून पुन्हा बघा.’

ते मी लिहिलेलं होतं. मोबाईलवर पानं उघडणाऱ्या या ब्राउझरचं मराठी भाषांतर आम्ही चारपाच जण करतो. काम करताना समोर नुसता वाक्यांचा तक्ता असतो. कुठलं वाक्य कुणाला, कुठल्या घडीला दिसेल, ते कळत नाही. इथे आधी मी ‘पुन्हा प्रयत्न करा’ लिहिलं होतं. मग वाटलं, बिचारं माणूस प्रयत्नच तर करतंय. म्हणून थांबायला सांगितलं.

लेक पडद्यावर सारखं बोट आपटत होती. शालनताईंनी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि फोनलाच म्हणाल्या, “थांबतो की. आम्हाला कुठं जायचंय?” फोन पालथा ठेवून त्या माझ्या ब्लाउजला हुक लावायला बसल्या.

माझ्या वाक्याला आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं. मी सुई वरखाली होताना बघत राहिले.

तिसरा हुक लावून झाल्यावर लेकीने पुन्हा बघितलं, तर पान उघडलं. ती पास झाली होती. शालनताईंनी आतून साखर आणली. लेकीच्या तोंडात घातली, चिमूटभर फोनपुढे ठेवली आणि मग माझा हात ओढून घेतला.

“घ्या,” त्या म्हणाल्या, “तुम्हीपण थांबलात.”