माझा आवाज त्याला ऐकू जाईपर्यंत

"याला गियाँ-बारे सिंड्रोम म्हणतात. थोडक्यात जीबीएस," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. अमरावतीच्या एका खासगी दवाखान्यात मी खाटेवर पडून होते आणि माझे पाय मला उचलता येत नव्हते. "आपल्या शरीराची जी रोगाशी लढणारी शक्ती असते, ती चुकून आपल्याच नसांवर उलटते. सुरुवात पायांपासून होते आणि अशक्तपणा वर सरकत जातो. बहुतेक पेशंट बरे होतात. पण तुमच्या बाबतीत तो कुठपर्यंत चढेल, हे आज मी सांगू शकत नाही."

मी 'बहुतेक' हा शब्द धरून ठेवला. सासूबाईंनी 'वर सरकत जातो' एवढंच ऐकलं. त्या माझ्या पायांकडे बघत राहिल्या.

मी चांदूर बाजारला शिवणकाम करते. नवरा राजेश आखातातल्या एका देशात उंच इमारतींच्या कामावर क्रेन चालवतो. घरी मी, सासूबाई आणि धाकटे दीर गजानन. आजाराच्या आधी मला हगवण लागली होती. ती बरी झाली आणि बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या. लग्नसराईची कामं होती, म्हणून लक्ष दिलं नाही. मग मशीनवर बसले की पाय पायडलवर ठरेना. पायातून चप्पल निघून जायची आणि मला कळायचंही नाही. एका सकाळी न्हाणीघरात बसले ती उठताच आलं नाही. गजाननभाऊजींनी गाडी केली आणि मला अमरावतीला आणलं.

तिथे एनसीव्ही नावाची तपासणी झाली. हातापायांना बारीक शॉक देऊन नसांमधून संदेश किती वेगानं जातो, ते त्यात बघतात. मग लंबर पंक्चर, म्हणजे कमरेजवळ सुई घालून मणक्यातलं पाणी काढणं. त्यानंतर आयव्हीआयजी सुरू झालं. निरोगी माणसांच्या रक्तातून काढलेलं औषध असतं ते, सलाईनसारखं हळूहळू देतात.

औषध चालू असतानाही अशक्तपणा चढतच होता. डॉक्टर मला एका दमात आकडे मोजायला लावायच्या. सकाळी जेवढे मोजले तेवढे संध्याकाळी मोजता यायचे नाहीत. पाणी पिताना ठसका लागायला लागला. मॅडम म्हणाल्या, "आता आपण वाट बघायची नाही. श्वासासाठी नळी टाकू या. नंतर घाईत टाकण्यापेक्षा आता शांतपणे टाकलेली बरी."

मी तोंडानं बोललेलं शेवटचं वाक्य होतं, "राजेशला कळवलं का?"

सासूबाई म्हणाल्या, "हाव, कळवलं. तू चिंता नोको करू."

जाग आली तेव्हा मी आयसीयूत होते. घशात नळी होती, मशीन माझा श्वास घेत होतं. मला बोट हलवता येत नव्हतं. चेहरा हलत नव्हता. पापण्या पूर्ण मिटत नव्हत्या, म्हणून सिस्टर डोळ्यांत मलम घालून वर पट्टी लावायच्या. बाहेरून मी बेशुद्ध दिसत असेन. पण मला सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. नाकावर माशी बसली तरी कळायची. ती भीती मला आजही नीट सांगता येत नाही. मशीनचा एखादा आवाज बदलला की वाटायचं, आता बंद पडलं तर मी हाकही मारू शकणार नाही.

संध्याकाळी भेटायची वेळ असायची. सासूबाई आणि गजाननभाऊजी आत आले होते, तेवढ्यात भाऊजींचा फोन वाजला. राजेशचा होता.

इथे थोडं सांगावं लागेल. राजेश राहतो त्या देशात इंटरनेटवरून फुकट बोलायचे आपले नेहमीचे कॉल लागत नाहीत. तिथे परवानगी असलेलं एक वेगळं ॲप आहे. त्यावरून तो दर शुक्रवारी खोलीवरच्या वायफायवर मला फोन करायचा. पण ते ॲप फक्त माझ्या मोबाइलमध्ये होतं, आणि माझ्या मोबाइलचं लॉक घरात कोणाला माहीत नव्हतं. मी उचलत नव्हते म्हणून त्यानं महागाचा साधा फोन भाऊजींना लावला होता.

"टायफाइड झाला वयनीले," भाऊजी म्हणाले. "झोपून हाय. उठली का बोलवतो."

खाटेच्या पायथ्याशी उभं राहून ते हे बोलत होते. मग सासूबाईंनी फोन घेतला. "ठीक हाय रे बापा. डॉक्टरनं बोलाले मना केलं. तू तुह्या जिवाले जप."

फोन बंद झाल्यावर भाऊजी म्हणाले, "आई, किती दिवस लपवशीन?"

"थो वर चढून काम करते," सासूबाई म्हणाल्या. "डोक्यात असं घेऊन चढला आन् हात चुकला तं? मले एक तं राहू दे."

त्या मला आत्तापासूनच गेलेली धरत होत्या, हे मला तेव्हा कळलं. त्यांचा राग नाही आला. पण मी मेले तर टायफाइडनं गेली एवढंच राजेशला कळेल, आणि मी इथे त्याची वाट बघत पडले होते हे त्याला कधीच कळणार नाही, या विचारानं मी आतल्या आत ओरडत होते. मशीनची घंटा वाजली. सिस्टर धावत आल्या, नळी साफ केली आणि म्हणाल्या, "घाबरल्या वाटतं."

नंतर नळी तोंडातून काढून गळ्याला छेद देऊन बसवली. याला ट्रेकिओस्टॉमी म्हणतात. नातेवाईक या शब्दानं फार हादरतात. मलाही वाटलं, आता संपलं. पण त्यानं तोंड मोकळं झालं आणि थोडा आराम पडला.

माझी मोठी बहीण मायाताई अकोल्याहून आली होती. मॅडमनी तिच्यासमोर माझ्या डोळ्यांवरची पट्टी काढली. "डोळे वर करता येतात का बघा. छान. आता वर बघितलं म्हणजे हो. खाली म्हणजे नाही. कुठे दुखतंय का?"

मी खाली बघितलं.

"काही सांगायचंय?"

मी वर बघितलं, आणि बघतच राहिले.

ताईनं बाराखडीसारखी अक्षरं म्हणायला सुरुवात केली. हवं ते अक्षर आलं की मी वर बघायचे. फार वेळ लागला. मधेच माझे डोळे थकायचे, ती चुकायची, पुन्हा सुरू करायची. 'र' आणि 'ज' झाल्यावर तिनं विचारलं, "राजेश?" मी वर बघितलं. पुढे 'स' आणि 'ग'.

"राजेशले सांगा, असं म्हणते का तू? त्याले माहीत हाय का?"

मी खाली बघितलं. ताई बाहेर गेली. सासूबाईंशी ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी गजाननभाऊजींनी माझ्याजवळ उभं राहून स्वतः राजेशला फोन लावला.

त्यांच्या मोबाइलवर परदेशी फोनचं वेगळं पॅक नव्हतं. साध्या, महागड्या दरानं फोन लागला. "दादा, टायफाइड नाही. वयनी आयसीयूत हाय. मशीनवर हाय. डॉक्टर म्हनते का..."

आणि फोन कटला. शिल्लक संपली होती.

भाऊजी फोनकडे बघत राहिले. तिकडून राजेशही लावत असणार, पण त्याचा फोन येईना. भाऊजी पळत रस्त्यावरच्या रिचार्जच्या दुकानात गेले. मी छताकडे बघत पडले होते आणि मला फक्त राजेशच दिसत होता. मशीनवर हाय, आणि त्यापुढे काहीच नाही. तो आत्ता खाली असेल की वर क्रेनच्या केबिनमध्ये, हेही माहीत नव्हतं. सासूबाई ज्याला भीत होत्या तेच मी घडवून आणलं, असं वाटलं. आजारपणातली माझी सगळ्यात वाईट वेळ कोणती म्हणाल तर ती हीच.

भाऊजी परत आले ते त्या देशाचं पॅक टाकून. ताईनं सिस्टरच्या पाया पडून भेटीची वेळ थोडी वाढवून घेतली होती. या वेळी स्पीकर लावला.

राजेशचा आवाज ओळखू येत नव्हता. "गज्या, खरं सांग. ती गेली का?"

"नाही दादा. जिवंत हाय. समोर हाय माह्या."

"मंग मले तिचा आवाज आयकव."

"तिच्या गळ्यात नळी हाय. तिले बोलता नाही येत."

"कालपर्यंत टायफाइड सांगत होते तुमी. आज नळी म्हनता. मी यावं म्हणून टप्प्याटप्प्यानं सांगून राहिले ना? आपल्याकडं असंच सांगते लोक. मले माहीत हाय."

ताईनं फोन घेतला. डोळ्यांनी अक्षरं कशी सांगते ते समजावलं. मग तो म्हणाला, "तिले विचारा. बडनेरा स्टेशनवर गाडी सुटताना ती मले काय म्हणाली होती?"

मी म्हणाले होते की, तुमची उशी मी धुणार नाही. आसपास कोणी ऐकणार नाही असं बघून म्हणाले होते. आता ते सासू आणि दिरासमोर सांगायचं होतं.

ताईनं सुरुवात केली. "अ... आ... इ... ई... उ..."

मी वर बघितलं. मग तिनं क, ख, ग घेतले. 'श' येईपर्यंत माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मला ते पुसता येत नव्हतं.

भाऊजींना काही कळलं नाही. ते फोनमध्ये म्हणाले, "दादा, वयनी म्हणून राहिली, उशी. उशी म्हणते फक्त."

पलीकडे राजेश रडायला लागला. सासूबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग त्या फोनजवळ आल्या. "माही चूक झाली रे," त्या म्हणाल्या. "तू आज वर नोको चढू." तो म्हणाला, "नाही चढत, आई."

त्याची सुट्टी लगेच मंजूर झाली नाही. बदली माणूस मिळेपर्यंत थांबा म्हणाले. रोज बोलणं परवडणारं नव्हतं, म्हणून ताईनं दुसरा मार्ग काढला. त्या देशात कॉल बंद असले तरी लिहिलेले मेसेज, फोटो आणि आवाज रेकॉर्ड करून पाठवलेले मेसेज फुकट जातात. राजेश दुपारच्या सुट्टीत बोलून पाठवायचा. भेटीच्या वेळी ताई मोबाइल माझ्या कानाशी धरायची.

सुरुवातीला तो धीर द्यायचा. थोड्या दिवसांनी धीराचे शब्द संपले. मग तो काहीही सांगायचा. खोलीवर आज कोणाची स्वयंपाकाची पाळी होती, वरणात कसं पाणी झालं होतं, शेजारच्या खाटेवरचा केरळचा माणूस झोपेत कसा बडबडतो. मला तेच जास्त आवडायचं. तेवढा वेळ मी मशीनचा आवाज ऐकत नसे. माझं उत्तर ताई डोळ्यांवरून गोळा करून लिहून पाठवायची. ते दोन-तीन शब्दांचंच असायचं.

मॅडम सांगायच्या, "जीबीएसमध्ये आधी चढ असतो, मग काही काळ काहीच बदलत नाही, मग उतार. हा मधला काळ पेशंटला फार घाबरवतो." अगदी तसंच झालं. काहीच बदलत नव्हतं, आणि मला वाटायचं की आता हेच माझं आयुष्य. मग एकदा खांदा किंचित हलला. पुढे मशीन थोडा थोडा वेळ काढून बघायला लागले. पहिल्यांदा काढलं तेव्हा माझा दम भरून आला आणि मी डोळ्यांनीच परत लावा म्हणून विनवलं. तरी रोज थोडा वेळ वाढत गेला.

एके सकाळी गळ्यातल्या नळीवर स्पीकिंग व्हॉल्व्ह बसवला. ही एक झडप असते, तिच्यामुळे बाहेर पडणारा श्वास स्वरयंत्रातून जातो आणि बोलता येतं. मॅडम म्हणाल्या, "थोडंच बोला. कोणाशी बोलायचंय ते ठरवा."

ताईनं फोन लावून माझ्या तोंडाशी धरला. मी हॅलो म्हणाले. आवाज फाटका, घोगरा निघाला, माझा मलाच ओळखू आला नाही.

"कोण, मायाताई?" राजेश म्हणाला. "सर्दी झाली का तुमाले? तिचं काय?"

"मीच आहो," मी म्हणाले.

"पुन्हा बोल," तो म्हणाला. पॅकची मिनिटं चालली होती, पण ताईनं फोन तसाच धरून ठेवला.

पुढचे काही महिने मी अकोल्याला ताईकडे काढले. फिजिओथेरपी तिथेच घेतली. फिजिओथेरपी म्हणजे स्नायूंना पुन्हा काम शिकवणं. आधी खाटेच्या कडेला बसायला शिकले, मग वॉकर धरून उभी राहायला. राजेश आला तेव्हा मी वॉकरनं दारापर्यंत जाऊ शकत होते. सुट्टी संपल्यावर तो परत गेला. आता मी काठीशिवाय चालते, शिवणाच्या मशीनवर बसते, पण लवकर थकते. बोटांना साध्या कारणानं मुंग्या आल्या तरी मी लगेच पाय उचलून बघते. ही भीती पूर्ण जाईल असं मला वाटत नाही. मॅडमची आणि आयसीयूतल्या सिस्टरांची मला रोज आठवण येते. दुसऱ्यांच्या रक्तातून माझं औषध बनलं, त्या लोकांची नावंही मला माहीत नाहीत.

तुमच्या घरातलं माणूस बाहेरदेशी असेल तर आज एवढं करा. त्या देशात कुठला कॉल चालतो ते त्याला विचारा. ते ॲप घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये ठेवा, आणि मोबाइलचं लॉक कोणाला तरी सांगून ठेवा. वाईट बातमीचा फोन लावण्याआधी परदेशी बोलायचं पॅक टाका. कॉल परवडत नसेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. आणि जे असेल ते खरं सांगा. लांबच्या माणसाला आपल्या शब्दाशिवाय दुसरं काही दिसत नसतं.

गेल्या आठवड्यात मला ताप आला. सासूबाईंनीच मोबाइल आणून माझ्या हातात दिला.

"मले ताप आहे," मी राजेशला सांगितलं.

"किती?"

"शंभर. बाकी काही नाही. पायात ताकद आहे."

खात्री करायला तो आईला फोन दे म्हणेल, असं मला वाटलं.

"बरं," तो म्हणाला. "गोळी घे आन् झोप. मी कामावर चाललो."