गवराबाई आणि मुकादमाचा बेलभंडार

गवराबाईच्या तोंडाला लागू नये, असं थेरगावात सगळेच म्हणायचे. म्हणणाऱ्यांचं काय जातंय! चौऱ्याहत्तर साली तिच्यावर जे गुदरलं ते त्यांच्यावर गुदरलं असतं, म्हणजे कळलं असतं.

चिंचवडच्या एका कारखान्यात माल चढवायला-उतरवायला साहेबराव मुकादमाची टोळी होती. बारा पुरुष, पाच बायका. त्यात गवराबाई आणि तिचा नवरा चिमाजी. साहेबराव म्हणजे टोळीचा मायबाप. लग्नं तो जुळवायचा, भांडणं तो मिटवायचा आणि उलट बोलणाऱ्याचे दातही तोच पाडायचा. त्याच्या शब्दाबाहेर जायची कुणाची टाप नव्हती.

एके दुपारी लोखंडी मालाची पेटी उतरवताना कुजका दोर तुटला आणि चिमाजीच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. दोर बदला म्हणून तो साहेबरावाला तीनदा सांगून थकला होता. आता आपली मुकादमी जाणार हे दिसताच साहेबरावाने आवई उठवली, की चिमाजी प्यालेला होता. ज्याने आयुष्यात थेंब चाखला नाही तो दारुडा ठरला! पुढे कारखान्यात चौकशी लागली. तेव्हा साहेबरावाने चिमाजीसकट बाराही पुरुषांना आकुर्डीच्या खंडोबापुढे नेऊन बेलभंडार उचलायला लावला. मुकादम सांगेल तेच बोलायचं, ही शपथ. ती मोडली तर घराचं वाटोळं होतं, असं सगळेच मानत. बायकांना मात्र त्याने नेलंच नाही. बायकांना कोण विचारतंय, असं वाटलं असेल. मूर्ख लेकाचा!

चौकशीला गवराबाई न बोलावता गेली आणि अधिकाऱ्याच्या टेबलासमोर उभी राहिली.

"साहेब, दोर कुजका व्हता. म्या डोळ्यांनी पाह्यलाय. ह्यांनी दारू कंदी हुंगली बी न्हाई."

साहेबराव हसला. "तिच्या नवऱ्यालाच इचारा की साहेब."

अधिकाऱ्याने विचारलं. चिमाजी खाली बघत म्हणाला, "व्हय. प्यालो व्हतो."

गवराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने नवऱ्याचा फडक्यात गुंडाळलेला हात धरून टेबलावर ठेवला.

"अवं, ह्यो हात असा. मग भंडारा कंच्या हातानं उचलला तुमी?"

"डाव्या."

"डाव्या हातानं देवाचं घेत्यात व्हय? खंडोबानं तुमची शपथ धरलीच न्हाई! बोला आता!"

साहेबराव खुर्ची लोटून तिच्या अंगावर आला. ती तसूभर हलली नाही.

"लाव हात. धा बोटं घिऊन आलायस, तेवढी घिऊन जातोस का बघू."

तो जागीच थबकला. बायकोच्या आडून चिमाजीचा आवाज आला, "दोर कुजका व्हता, साहेब. म्या तीनदा सांगितलं व्हतं. मी दारू पीत न्हाई."

अधिकाऱ्याने आधीचं खोडून हे लिहून घेतलं. बाकीचे अकरा जण माना खाली घालून बसले होते.

थेरगावपर्यंत गवराबाई नवऱ्याच्या दहा पावलं पुढे चालत गेली. साहेबरावावरचा राग तिने तिथेच ओकून टाकला होता. पण चिमाजीने तिच्यादेखत स्वतःला दारुडा म्हणवून घेतलं, हे तिने त्याला मरेपर्यंत माफ केलं नाही.