गालाने धरलेला अबोला

आमच्या घरात अबोल्याचा एकच कायदा. ज्याने धरला त्यानेच मोडायचा. पंचेचाळीस वर्षं हा कायदा चालला, आणि खरं सांगायचं तर धरायचं काम नेहमी मीच केलं. बायकोला रुसायला वेळच नसायचा. मी रुसायचो दोन दिवस, फार तर तीन. मग सकाळी ओट्यापाशी जाऊन भिंतीकडे बघत म्हणायचो, "चहात साखर कमी वाटते." हीच माझी माफी. ती म्हणायची, "वाटणारच. तीन दिवस जीभ बसून होती." झालं. संसार पुढं चालू.

मी तांबट. तिसरी शिकलो आणि वडिलांनी हातात हातोडा दिला. हंडे, घागरी, बंब केले, आता लोक तांब्याच्या पाण्याच्या बाटल्या मागतात, त्याही करतो. दुकान खाली, बिऱ्हाड वर, मधे लाकडी जिना. मुलगा सुनेबरोबर तिकडे इंदिरानगरला फ्लॅटमध्ये राहतो. बायकोचे गुडघे गेले, जिना तिला झेपेना. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत ती म्हणाली, "आपण जाऊ या ना त्याच्याकडे. लिफ्ट आहे."

मी म्हटलं, "लिफ्टमध्ये ऐरण ठेवू का?"

"ऐरणीशीच लग्न लावायचं होतं मग. तिचे गुडघे तरी दुखले नसते."

हे मला लागलं. मी अबोला धरला.

तिसऱ्या दिवशी राग उतरला. तोंड धुतलं, ओट्यापाशी गेलो, भिंतीकडे बघितलं आणि "चहात" म्हणायला तोंड उघडलं. "च" सुद्धा पुरा झाला नाही. उजव्या जबड्यात कुणीतरी विजेची तार खुपसली आणि डोळ्याच्या खालपर्यंत ओढत नेली. मी ओट्याची कड धरली. दहापर्यंत आकडे मोजावेत एवढाच वेळ, पण आयुष्यात हातावर हातोडा किती वेळा बसला असेल, त्यातला एकही याच्या जवळ येत नाही. बायको पाठमोरी चहा गाळत होती. ती वळेपर्यंत ते गेलं होतं. तिनं कप ठेवला, माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहिली. मी घोट घेतला आणि परत तेच. कप तसाच ठेवून मी खाली दुकानात आलो.

तिला वाटलं, अबोला चालूच आहे. आणि मी तिला तसं वाटू दिलं.

गाल काही दिवसभर दुखत नसे. तास तास शांत असायचा. पण कधी उठेल नेम नाही. दात घासले तर उठायचा, भाकरी चावली तर उठायचा, पंख्याचा वारा लागला तरी उठायचा. दाढी करणं सोडलं. गिऱ्हाइकाशी मान हलवून, बोट दाखवून भागायचं. घरात तसं भागत नाही. मी एक शब्द काढला असता तर तिचे दहा आले असते, आणि त्यांची उत्तरं देता देता तिच्यासमोर माझा चेहरा वाकडा झाला असता. उभ्या जन्मात तिनं मला रडताना पाहिलं नव्हतं. रागीट नवरा तिच्या सवयीचा होता. रडणारा कुठून आणायचा? माझा आब राखायला अबोलाच बरा वाटला.

बायको रागात आहे की दुःखात, हे मला भांड्यांच्या आवाजावरून कळतं. तांबटाचा कान आहे. रागात असली की कढई आपटते, खाली दुकानात ऐरणीपाशी ऐकू येते. त्या दिवसांत ती सगळं इतकं हळू ठेवायची की मला हातोडा थांबवून कान द्यावा लागायचा. ते न आपटणं फार लागायचं.

मला खात्री होती की दाढ किडली. चमच्याच्या दांड्यानं एकेक दाढ ठोकून बघितली, भांडं बघतो तशी. तिसरीवर वीज आली. गाल शांत बघून द्वारका चौकाजवळच्या एका दातांच्या डॉक्टरकडे गेलो. पोरगेलासा होता. म्हणाला, "बाबा, दाढ एकदम चांगली आहे. ही नाही काढणार मी."

"दाढ माझी का तुझी?"

त्यानं हात जोडले. मी दुसरा शोधला. तोही नाही म्हणत होता, पण माझ्या हट्टापुढं त्याचं काही चाललं नाही. दाढ निघाली. आठ दिवसांनी दुखणं शेजारच्या दाढेत आलं. तीही काढायला लावली. दोन्ही दाढा कागदात बांधून सदऱ्याच्या खिशात ठेवल्या. एवढ्या धडधाकट वस्तू टाकून द्यायला जीव होईना.

यात माझ्याइतकी लाज दुसऱ्या कुणाला वाटायला नको. बाई हंडा घेऊन येते, बोट ठेवते, म्हणते इथं गळतोय. मी त्या जागी कधी हात घालत नाही. पाणी सांध्याच्या कडेनं चालत जातं आणि भलत्याच ठिकाणी ठिबकतं. भोक शोधायचं तर हंडा कोरडा करून अंधारात धरायचा, आत दिवा लावायचा. पन्नास वर्षं मी बायकांना हे सांगत आलो. आणि स्वतःच्या जबड्यात जिथं ठिबकलं तिथंच भोक समजून बसलो.

एके दुपारी जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी, थांबणं. चार महिन्यांत ती खाली उतरली नव्हती. आली, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली, दम घेतला आणि ऐरणीवर कागद उलगडला. माझ्या दाढा.

"अबोला तुमचा," ती म्हणाली, "मोडतेय मी. सदरा धुवायला घेतला तर हे निघालं. काय आहे हे?"

मी तोंड उघडलं. आणि गालानं तिच्यासमोर दगा दिला. हातातला हातोडा पडला. डोळ्यांतून पाणी आलं ते आवरलं नाही. ओसरलं तेव्हा मी ऑर्डर लिहायची वही ओढली आणि पेन्सिलीनं लिहिलं, "गाल. बोललं की वीज."

तिनं वही लांब धरून वाचली. दोनदा वाचली.

"कधीपासून?"

मी तीन बोटं दाखवली. अबोल्याचा तिसरा दिवस. तिला कळलं.

"म्हणजे तेव्हापासून तुम्ही..." ती थांबली. "अहो, मी इथं रोज देवासमोर बसून विचारतेय, असं काय मोठं बोलले मी? ऐरणीचंच तर बोलले. आणि तुम्ही एकटेच जाऊन दाढा उपटताय! ताठा, मेला नुसता ताठा!"

तिनं माझ्या गालाकडे हात नेला. मी मागं सरलो. हात तसाच अधांतरी राहिला. मग तिनं तो माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि बराच वेळ आम्ही दोघं त्या दाढांकडे बघत बसलो.

त्या दिवसापासून वही आमच्या दोघांची झाली. ती बोलायची, मी लिहायचो. जन्मात एवढं लिहिलं नव्हतं. आज हे चार शब्द जुळवतोय ते त्या वहीमुळं. सुरुवातीला "पाणी", "नको", "पंखा बंद" एवढंच. मग एकदा मी लिहिलं, "साखर कमी होती. त्या दिवशी हेच बोलायचं होतं." तिनं ते पान फाडून साखरेच्या डब्याखाली ठेवलं. अजून तिथंच आहे.

घरचे उपाय झाले. शेजारणीनं सांगितलं वारं गेलंय, ओव्याची पुरचुंडी शेका. शेकानं गाल असा पेटला की पुरचुंडी खिडकीतून बाहेर गेली. शेवटी मुलगा मला मफलरमध्ये गुंडाळून मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला; बायकोही जिना उतरून बरोबर आली. त्यांनी विचारलं, "कुठं दुखतं, दाखवा बाबा." मी बोट गालापासून चार अंगुळं लांब धरून हवेतच रेघ काढली.

बाई हसल्या. "हात न लावता दाखवलंत ना, तिथंच मला निम्मं कळलं."

बाकीचं फोटोत कळलं. डोक्यात, कानाच्या मागच्या अंगाला, चेहऱ्याची एक नस आहे. तिला एक रक्ताची वाहिनी घासते. काळजाचा ठोका पडला की घासते. घासून घासून नसेवरचं आवरण गेलंय, म्हणून साधा वारा लागला तरी नस आग लागल्यासारखी ओरडते.

मी वहीत लिहिलं, "कल्हई गेली."

बाईंनी बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "अहो, ते पितळेच्या भांड्याचं सांगताहेत. आतली कल्हई गेली की ताक कळकतं, तसं." बाई म्हणाल्या, "अगदी तसंच." मला एवढ्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. दुखणं तेच होतं, पण आता ते माझ्या धंद्यातलं झालं.

गोळ्या मिळाल्या. बाईंनी बजावलं की या गोळ्या दुखेल तेव्हा घ्यायच्या नाहीत, रोज ठरल्या वेळी घ्यायच्या, हळूहळू वाढवायच्या, रक्त तपासायचं, आणि बरं वाटलं तरी मनानं बंद करायच्या नाहीत. सुरुवातीला डोकं गरगरायचं, जिना धरून उतरावा लागायचा. पण दोन आठवड्यांत गाल गप्प झाला. एका सकाळी ओट्यापाशी गेलो, भिंतीकडे बघितलं आणि पुरं वाक्य बोललो. "चहात साखर कमी वाटते."

तिनं गाळणं खाली ठेवलं. म्हणाली, "आज मुद्दाम कमी घातलीये. रोज घालते कमी. म्हटलं, कधीतरी बोलाल."

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण मी आहे ना. महिना चांगला गेला, भाकरी खाल्ली, दाढी केली, आणि मला वाटलं, भांड्याचं भोक एकदा झाळून बुजवलं की रोज रोज कोण झाळत बसतं? गोळ्यांनी सुस्ती यायची, हातोडा चुकायचा, तेही सहन होईना. कुणाला न सांगता बंद केल्या. ती हातावर गोळी ठेवायची, मी पाण्याचा घोट घेऊन खाली यायचो आणि गोळी दुकानातल्या जुन्या बंबात टाकायचो.

बारा दिवसांनी गाल उठला, पहिल्यापेक्षा वाईट. त्याच दिवशी कुणीतरी बंब बघायला आलं. मुलगा घरी आला होता, त्यानं बंब दाराबाहेर नेऊन उलटा केला आणि गोळ्या फरशीवर घरंगळल्या. वर खिडकीत बायको उभी होती.

ती काही बोलली नाही. संध्याकाळी बोलली नाही, दुसऱ्या दिवशी बोलली नाही. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं अबोला धरला. ताट समोर यायचं, भात दुधात मऊ कालवलेला, गोळी ताटाच्या कडेला. मी मुकाट्यानं गिळायचो. वहीत लिहून वही पुढं केली तर ती वही मिटून ठेवायची. कायदा माझ्याच बाजूनं होता. तिनं धरला, तिनं मोडावा. मी बसून राहू शकलो असतो.

चौथ्या सकाळी ती चहा गाळत होती. चमचा हळू ठेवला, गाळणं हळू ठेवलं, कप हळू. ते ऐकवेना. मी भिंतीकडे पाठ केली, तिच्याकडे बघितलं. वही वरच्या फळीवर होती, घेतली नाही. म्हटलं, "चुकलं माझं."

"माझं" म्हणताना वीज आली, ठरल्यासारखी. मी ओटा धरला. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि वीज जाईपर्यंत ठेवला.

"एवढे दोन शब्द," ती म्हणाली, "आणि तेही दुखत असताना. बरं होतं तेव्हा जीभ झडली होती का?"

आता गोळ्या रोज दोघांच्या समोर होतात. डॉक्टरीणबाई रागावल्या, मग म्हणाल्या, पुढं गोळ्या पुरल्या नाहीत तर सुईचा उपाय आहे, ऑपरेशनही आहे, त्यात नस आणि वाहिनी यांच्या मधे मऊ तुकडा घालतात. वेळ आली तर जाईन, हट्ट करणार नाही, असं मी सुनेसमोर कबूल केलंय. गाल पूर्ण बरा नाही. थंडीत मफलर लागतो, उजवीकडून चावत नाही.

काल तिनं परत फ्लॅटचा विषय काढला. मी चिडलो आणि जुन्या सवयीनं तोंड मिटून घेतलं. तशी तिच्या हातातली कढई थांबली. ती माझ्या गालाकडे बघायला लागली, घाबरून. तिच्या डोळ्यांत ते बघितलं आणि मला काही अबोला धरता येईना.

"गाल ठीक आहे," मी म्हटलं. "नुसता राग आलाय."

"मग हरकत नाही," ती म्हणाली आणि कढई आपटली.