आधी समोरच्याची बाजू

पोरगी जात्याच भांडखोर. शिंप्याच्या घरात जन्मली, पण कात्रीपेक्षा तिची जीभच जास्त चालायची, म्हणून बापाने लहानपणीच तिला ‘वकीलबाई’ म्हणायला सुरुवात केली. विद्यापीठात तिने राजकीय विचारांचा अभ्यासक्रम घेतला तेव्हा तो कपाळावर हात मारून म्हणाला, "झालं! आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालं!"

शिकवणारे सर म्हणजे एक वल्लीच. त्यांच्या वर्गात एकच कायदा. कुणाचं म्हणणं खोडायचंय? खोडा की! पण आधी त्याची बाजू मांडायची, आणि तीही अशी की त्यानेच म्हणावं, "अगदी हेच मला म्हणायचं होतं." मगच ‘पण’ म्हणायची परवानगी. राजाला किती सत्ता द्यावी, अन्यायी हुकूम पाळावा की मोडावा, सगळं याच चाळणीतून जायचं. वर्गातही हेच नाव पडलेली वकीलबाई आधी वैतागली. मग तिला अशी चटक लागली की भांडी घासायला सांगितली तरी ती आधी आईचीच बाजू मांडायची. आई म्हणायची, "बाई गं, एवढ्यात घासून झाली असती!"

त्या वर्षी सरकार बदललं आणि हवाही फिरली. शेवटच्या बाकावर एक माणूस येऊन बसू लागला. वय पोरांच्या दुप्पट, हातात ना वही ना पेन. पोरांनी त्याचं नाव ‘जावईबापू’ पाडलं, कारण तो ऐटीत यायचा, बसायचा, आणि का आलात हे विचारायची कुणाची छाती नव्हती. सुरुवातीला खसखस पिकली. मग एकेक जण गप्प होत गेला. शेजारच्या इतिहासाच्या बाई रजेवर गेल्याचं कळलं, पण त्यांच्या दारावरची पाटीही गेली होती, नुसते स्क्रू राहिले होते. सर मात्र तसेच शिकवत राहिले. तिला त्यांचा अभिमान वाटायचा, आणि ती सारखी शेवटच्या बाकाकडे वळून बघायची.

शेवटी व्हायचं तेच झालं. सर मुलांना सरकारविरुद्ध भडकवतात, या आरोपावरून चौकशी लागली. साक्षीला बोलावलं ते त्यांच्या सगळ्यात लाडक्या विद्यार्थिनीला. तिच्या शब्दावर सरांची नोकरी होती. नोकरी कसली, लोक तर तुरुंगाचंच बोलत होते.

"बाळा," तिच्या ड्रेसला इस्त्री करताना बाप म्हणाला, "हो किंवा नाही. तिसरा शब्द तोंडातून काढू नकोस."

"बाबा, बघाच तुम्ही. त्यांच्या आरोपाच्या चिंध्या करते."

"चिंध्या आपल्याकडे काय कमी आहेत का?"

खोलीत लांब टेबल, पलीकडे तिघं जण, मध्ये आवाज टिपणारं छोटं यंत्र, त्यावर लाल दिवा. कोपऱ्यात जावईबापू. त्यानेच तिला पाणी दिलं.

"घाबरू नकोस, बेटा," मधले गृहस्थ म्हणाले. "सरांबद्दल काय वाटतं ते मोकळेपणाने सांग."

तिने पाण्याचा घोट घेतला. आणि जिभेला जे वळण लागलं होतं, त्याच वळणाने ती निघाली.

"सरांचं शिकवणं धोक्याचं आहे," ती म्हणाली. "कोवळ्या पोरांना ‘हुकूम मोडावा का?’ असं विचारलं की मनात शंका रुजते. आज वर्गात प्रश्न, उद्या रस्त्यावर दगड. सरांना हे पुरेपूर कळतं, तरी ते थांबत नाहीत."

गृहस्थांनी समाधानाने मान डोलावली. "अगदी हेच. अगदी हेच आम्हाला म्हणायचं होतं."

तिचा जीव भांड्यात पडला. परवानगी मिळाली होती.

"पण..."

लाल दिवा विझला होता.

"पुरे, बेटा. छान बोललीस."

"अहो, माझं सुरूच झालं नाही अजून! ती तुमची बाजू होती! माझी यायचीय!"

तिघंही कागद आवरायला लागले होते. जावईबापूने दंडाला धरून तिला दारापर्यंत आणलं.

बाहेर बाकावर सर बसले होते. तिला पाहून उठले, शर्टाची कॉलर नीट केली. "काय वकीलबाई, शिकवलं तसंच बोललीस ना?"

सांगायचं खूप होतं. मागे जावईबापू दार धरून उभा होता.

"हो," ती म्हणाली.

सर हसले, तिच्या डोक्यावर हात ठेवून आत गेले, आणि जावईबापूने दार लावून घेतलं.