कडक काठीला बारीक दोरी

अण्णाचा पाय सोमवारी कापायचं ठरलं, आणि त्याला रविवारी मासे धरायला जायचं होतं.

वहिनीने ऐकून कपाळावर हात मारला. मला नवल वाटलं नाही. मी त्याची धाकटी बहीण, बारा वर्षांची असल्यापासून त्याच्या मागे तळ्यांवर हिंडलेली. तंजावरात बायका गळ टाकत नाहीत. पुढे मी सरकारी शाळेत गणित शिकवू लागले तरी रविवारी मोपेडला काठी बांधून निघायची, आणि माझ्या विद्यार्थिनींच्या आया रस्त्यावर थांबून बघायच्या. अण्णा म्हणायचा, बघू देत, त्यांना फुकट सिनेमा.

आम्ही विरल धरायचो. मराठी पुस्तकांत त्याला मरळ म्हणतात. चिखलात, कमळाच्या पानांखाली दबा धरून बसणारा, हाडाळ तोंडाचा, दांडगट मासा. त्याच्यासाठी काठी कडक हवी आणि दोरी विणलेली, न ताणणारी. पाण्यावर रबरी बेडूक नाचवायचा, त्याने तो गिळला की एकच हिसका मारायचा, आणि तो हिसका थेट हाडापर्यंत पोचला पाहिजे. नायलॉनची दोरी, जिला आमच्याकडे नरंबु म्हणतात, ती ताणते. ती मऊ काठीला लावायची, उघड्या पाण्यात, गांडुळावर येणाऱ्या लहान माशांसाठी. मऊ काठी वाकून धक्का पिते, म्हणून बारीक दोरीही टिकते. कडक काठीला बारीक नायलॉन लावलं तर पहिल्या दणक्यात तुटतं. अण्णाने मला हे बीजगणिताच्याही आधी शिकवलं होतं. मी एकदा चुकीची जोडी लावली तेव्हा त्याने दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

साखरेच्या आजाराने त्याची बोटं बधिर झाली होती, डोळ्यांना अंधूक दिसायचं, आणि डाव्या पायाची जखम वर्षभर भरत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, आता गुडघ्याखालीच कापू. पण जखमेत आणखी घाण गेली, सड वर चढली, तर गुडघाही ठेवता येणार नाही. गुडघा असला तर माणूस नकली पायावर चालतो, नसला तर नुसता रेटत राहतो, हे त्यांनी वहिनीला समजावलं होतं. वहिनी त्या एका गुडघ्याला देवासारखी जपत होती.

"मज काहीं नको," अण्णा म्हणाला. "दोन पायांवर उभा राहून एक विरल काढतों. मग काय कापायचं तें कापूं देत."

वहिनीने मला स्वयंपाकघरात ओढलं. "तुम्ही दोघं ऐकणार नाहीं, मज ठाऊक," ती म्हणाली. "पण मोठा मासा लागला तर हे सोडायचे नाहींत. पाण्यांत पडतील. त्या चिखलांत तो पाय बुडाला तर? तुम्हीच सांगा." ती रडत नव्हती. रडली असती तर मी कदाचित काही तरी फटकन बोलले असते. ती फक्त माझं मनगट धरून उभी होती, आणि मी हो म्हटलं.

काठीवरच्या रिळाचा ब्रेक सैल ठेवता आला असता, मोठ्या माशाने नुसती दोरी ओढत नेली असती. पण अण्णा काठी हातात घेतली की आधी दोरी ओढून ब्रेकचा आवाज ऐकायचा. ते त्याच्या कानांना लगेच कळलं असतं. म्हणून मी दुसरं केलं. विणलेल्या दोरीच्या टोकाला हातभर बारीक नायलॉन जोडलं, चार किलोचं, म्हणजे तेवढाच ताण सोसणारं, आणि बेडूक त्याला बांधला. लहान मासा आला तर निघेल. मोठा आला तर तुटेल, आणि अण्णा काठावरच राहील. पूर्वी तो माझी प्रत्येक गाठ ओल्या बोटांत फिरवून तपासायचा. आता त्याची बोटं काही सांगत नव्हती. मी त्याच्या बधिर बोटांवर भरवसा ठेवला. याला दुसरा शब्द नाही, मी बरेच शोधून पाहिले.

ओरत्तनाडुच्या वाटेवर एक तळं आहे, अर्धं कमळांनी भरलेलं. रिक्षा थेट बांधावर नेली. प्लॅस्टिकची खुर्ची, पायाला दोन पिशव्या, वर रबर. सकाळचं ऊन अजून सोसण्यासारखं होतं. मी काठी हातात दिली. त्याने दोरी ओढली, ब्रेकचा आवाज ऐकला, मान हलवली. मग गाठीवरून अंगठा फिरवला.

"गांठ तूच मारलीस कीं?"

"मीच."

"मग बघायचं काय," तो म्हणाला.

खुर्चीवर तो बसलाच नाही. मी मागून त्याचा पट्टा धरून उभी होते. पानं कुठे आहेत ते मी सांगायची, तो टाकायचा. डोळे गेले तरी हात चुकत नव्हता. तासाभराने पाणी फाटलं. तो हलला नाही. विरलाला बेडूक नीट गिळू द्यायचा असतो, घाई करणाऱ्याच्या हाती शेवाळ येतं. मग त्याने हिसका मारला. काठी वाकली आणि अण्णा हसला. ते हसू मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि मला एकदम वाटलं की देवा, टिकू दे. मीच बांधलेली दोरी, आणि मीच देवाला साकडं घालते आहे. माणूस असा असतो.

मासा मोठा होता. कमळांतून त्याची काळी पाठ एकदा वर आली. दुसऱ्या दणक्याला काठी सरळ झाली.

अण्णा मागे कलला, मी त्याला खुर्चीत बसवलं. त्याने दोरी गुंडाळली आणि टोक बोटांत घेतलं. बोटांना काही कळेना. तेव्हा त्याने ते ओठांत धरलं, जिभेने चाचपलं, दातांखाली हलकं दाबलं. जीभ बधिर झालेली नव्हती. मला हे सुचलंच नव्हतं.

"नरंबु," तो म्हणाला. पुन्हा दातांखाली दाबून म्हणाला, "चार किलोचं."

मी वहिनीचं नाव घेतलं नाही. एवढं एक बरं केलं.

"पाण्यात पडला असतास," मी म्हटलं. "गुडघ्यासाठी केलं."

"मग मज सांगायचं होतं. मी बसून राहिलों असतों. कमळं बघितलों असतों." त्याचा आवाज चढलेला नव्हता. मी शिव्यांची वाट पाहत होते. शिव्या आल्या असत्या तर मी उलट भांडले असते, आणि रिक्षा घराशी येईपर्यंत आम्ही पुन्हा भाऊबहीण झालो असतो. घरी आल्यावर वहिनीने विचारलं, मिळालं कां? तो म्हणाला, "चुकला."

सोमवारी आत नेल्यावर डॉक्टरांना दिसलं की सड आधीच वर चढलेली आहे. गुडघा ठेवता आला नाही. तळ्याचा थेंबही त्या पायाला लागला नव्हता, पिशव्या मी स्वतः सोडल्या होत्या, आत कोरड्या ठणठणीत. ज्यासाठी मी ते केलं ते रविवारच्या आधीच गेलं होतं. एक मासा तेवढा त्याचा व्हायचा होता, तो मी घालवला.

तो माझ्यावर रागावला नाही. मी गेले की खुर्ची पुढे करायला सांगतो, कॉफी द्यायला सांगतो, शाळेतल्या गोष्टी विचारतो. काठ्या त्याने पापनाशमच्या एका ओळखीच्या माणसाला देऊन टाकल्या. मला घे म्हणाला नाही, मीही मागितल्या नाहीत. चार महिन्यांनी नकली पाय आला. मांडीभोवती तीन पट्टे, आणि ते घट्ट बसले नाहीत तर उभं राहताना माणूस कोसळतो. पहिल्या दिवशी वहिनीला जमेना. ती म्हणाली, तुमच्या बहिणीचे हात चांगले, त्यांना सांगा. मी खाली वाकले आणि पहिला पट्टा हातात घेतला.

अण्णाने माझ्या हातावर हात ठेवला. फार हळू, मला लागू नये म्हणून.

"तू नको," तो म्हणाला. "हिलाच बांधूं दे."