धुळीच्या रंगाचे सांधे

दयाराम सोनकुसरे, वय एकसष्ट, मूळ गाव गोंदिया, हल्ली मुक्काम भिलाई. तिथल्याच हथखोज औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या एका फाउंड्रीतून पर्यावरण अधिकारी म्हणून निवृत्त; निवृत्तीनंतर तिथेच सल्लागार. उंची मध्यम, मत ठाम. ओळखीची खूण: कपाळावर कायमची आठी. सदर इसमाच्या कार्यकाळात कारखान्याची धूळ भिंतीबाहेर गेल्याची नोंद नाही.

नोंद ठेवायचं काम सदर इसमाकडेच होतं.

घरात मात्र रत्नमालाबाई होत्या. अंगणात नवी फरशी बसली तेव्हा सांधे कोणत्या रंगाचे भरायचे यावरून नवराबायकोत आठवडाभर अबोला होता. दयारामजींना करडे हवे होते. बाईंनी पांढरे भरून घेतले. "धूळ पडत नाही म्हणता ना? मग पांढऱ्याचं काय भेव?" महिनाभरात सांध्यांच्या काजळरेघा झाल्या. बाईंनी त्या मुद्दाम घासल्या नाहीत. एरवी त्या गॅसची शेगडीसुद्धा दोनदा पुसत.

जानेवारीअखेरच्या रविवारी कॉलनीची बैठक ठरली. कारखान्याविरुद्धच्या तक्रारीवर सह्या घ्यायच्या होत्या, आणि गल्लीत मोठं अंगण एकच. शेजारची लतिका विचारायला आली तेव्हा दयारामजी अंघोळीला गेले होते. बाईंनी हो म्हणून टाकलं.

"मले विचारलं कावून नाही?"

"तुम्ही काय लिहून देता, ते मले विचारता का?"

तक्रारीचं दयारामजींना फारसं वाटलं नाही. तक्रारी होतच असतात. पण साऱ्या गल्लीने त्यांच्याच अंगणात उभं राहून पायाखालच्या काळ्या रेघा पाहिल्या, तर त्यांचा शब्द गेला. आणि सल्लागाराकडून कारखाना विकत घेत होता तो तेवढा शब्दच.

त्यांनी हिरालाल मिस्त्रीला बोलावलं, पांढरे सांधे खरवडून काढले आणि एका कोपऱ्यात काळा रंग भरून पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यावर राखाडी साय धरली. दुकानातला करडा आणला, तर तो निळसर निघाला आणि त्यावर धूळ तांबूस दिसू लागली. बाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"हिरवा भरा," त्या म्हणाल्या. "लोक म्हणतील शेवाळ हाय."

तेव्हा दयारामजींना सुचलं. ज्यावर धूळ दिसणार नाही असा रंग एकच, खुद्द धुळीचा. ते झाडू घेऊन गच्चीवर गेले आणि भरलेलं घमेलं घेऊन खाली आले.

हिरालालने त्या धुळीत बोटं घातली, मग सांध्यांसाठी कालवलेल्या सिमेंटकडे पाहिलं. "साहेब, ये धुर्रा ला मसाला मा मिलाबो?"

"मिला. चाळून घे."

बाई उठून आल्या. "धूळ बाहेर पडतच नाही, तर हे कोठून भरून आणून राहिले?"

"माती हाय. वाऱ्यानं उडते."

बाईंनी आतून फ्रिजच्या दारावरचं चुंबक आणून घमेल्यात बुडवलं. ते काटेरी होऊन वर आलं.

"तुमच्या मातीले केस आले जी."

हिरालाल खाली मान घालून चाळत राहिला.

"रविवारी सही करायची असन तर कर," दयारामजी म्हणाले, "पण मग या घरात..."

"या घरात झाडू कोण मारन, तेही सांगून टाका."

रविवारी गल्ली जमली. फरशीवरची धूळ आणि सांधे एका रंगात जुळून आले होते. अंगण एकसंध, निर्मळ दिसत होतं. लतिकेने खाली पाहिलं. "काकू, आमच्याकडं दुपारपर्यंत रांगोळी काळी होते. तुमच्याकडं तर धूळच नाही."

दयारामजी खुर्चीत ताठ झाले. "तेच तर मी इतकी वर्षं सांगून राहिलो. कारखान्याच्या भिंतीबाहेर..."

रत्नमालाबाई आत गेल्या, घमेलं उचलून आणलं आणि लोकांच्या मधोमध ठेवलं.

"सांधे याचेच भरले हायेत," त्या म्हणाल्या. "साऱ्या अंगणाले पुरून एवढं उरलं. आमच्या गच्चीवरचं हाय." मग लतिकेच्या हातातलं पेन घेऊन त्यांनी पहिली सही केली.

दयारामजींनी घसा साफ केला आणि सभेला सांगितलं की सदर धूळ ही अनेक वर्षांची साचलेली असून तिचा चालू उत्पादनाशी संबंध जोडणं योग्य होणार नाही.

गच्ची याच महिन्यात, संक्रांतीला धुतली होती.